कॉम्प्युटर ग्राफिक्स कसं घडलं: विद्यार्थी आणि पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

सांगलीत विश्रामबागला मी दर शनिवारी-रविवारी कॉम्प्युटर ग्राफिक्स शिकवतो. वर्गात डिप्लोमाची आणि इंजिनिअरिंगची मुलं असतात, कुपवाड आणि मिरज एमआयडीसीत ड्रॉइंगवर काम करणारे काही जण असतात, एखादा फ्लेक्स डिझायनर असतो. पहिले चार रविवार मी इतिहासच सांगतो आणि सगळ्यात जास्त प्रश्न त्यावरच येतात. तीच उत्तरं फोनवर तुकड्यातुकड्यानं देण्यापेक्षा इथे नीट लिहून ठेवतोय.

आम्हाला सॉफ्टवेअर शिकायचंय. साठ वर्षांपूर्वीचा इतिहास कशाला?

कारण तुम्ही रोज दाबता ती बटणं तिथूनच आली आहेत. दोन रेषा समांतर ठेव, हे वर्तुळ त्या रेषेला टेकव, एक नट काढून तो वीस ठिकाणी लाव: या कल्पना १९६३ साली चालू स्थितीत होत्या. त्या का सुचल्या हे ज्याला कळतं, तो सॉफ्टवेअर बदललं तरी गोंधळत नाही. कुठलं बटण कुठे आहे एवढंच पाठ केलेले लोक मी पाहिलेत. नवी आवृत्ती आली की आठ-आठ दिवस त्यांचं काम अडतं. त्यात त्यांचा दोष नाही, त्यांना कुणी मूळ सांगितलेलंच नसतं.

'इंटरॅक्टिव्ह' म्हणजे नेमकं काय? चित्र तर प्लॉटरही काढतो.

प्लॉटर, म्हणजे कागदावर पेन चालवणारं मशीन, चित्र काढतो, पण तुम्ही हात लावलात म्हणून ते बदलत नाही. पूर्वी कार्डांना भोकं पाडून गठ्ठा मशीनवाल्याच्या हाती द्यायचा आणि उत्तर काही तासांनी, नाहीतर दुसऱ्या दिवशी घ्यायचं, अशी पद्धत होती. चूक झाली की पुन्हा रांगेत. इंटरॅक्टिव्ह म्हणजे हात हलला की त्याच क्षणी चित्र हललं पाहिजे. साधारण सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत उत्तर आलं, तर आपण ते चित्र हातात धरलंय असं वाटतं. त्याहून उशीर झाला की तार तुटते. ग्राफिक्सचं हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर या दोन्हींची सगळी धडपड मला तरी हे अंतर कमी करण्याची दिसते. पुढची उत्तरं वाचताना एवढं ध्यानात ठेवा.

मग याची सुरुवात नेमकी कुणी केली?

एकाच माणसाचं नाव घेणं अवघड आहे. अमेरिकेत एमआयटीमध्ये १९५१ साली व्हर्लविंड नावाचा कॉम्प्युटर चालू झाला. त्याला टीव्हीसारखी काचेची नळी जोडलेली होती आणि उत्तर ठिपक्यांच्या रूपात दिसायचं. त्यातूनच पुढे सेज ही हवाई संरक्षणाची यंत्रणा उभी राहिली. तिथले कर्मचारी पडद्यावरच्या विमानाच्या ठिपक्यावर लाइट गन रोखायचे आणि मशीनला तो ठिपका कळायचा. पडद्याकडे बोट दाखवून मशीनशी बोलणं इथून सुरू झालं, आणि तेही लष्करी कामातून.

पण ज्याला आपण 'चित्र काढणं' म्हणतो ते आयव्हन सदरलँड यांचं. १९६३ साली एमआयटीत त्यांनी पीएचडीसाठी स्केचपॅड हा प्रोग्राम लिहिला. मार्गदर्शक होते क्लॉड शॅनन. मशीन होतं लिंकन लॅबोरेटरीतलं टीएक्स-२, एका खोलीत जेमतेम मावणारं. पडद्याला लाइट पेन लावायचा, बटण दाबायचं आणि पेन सरकवत न्यायचा. रेषेचं एक टोक जागेवर राहायचं आणि दुसरं पेनबरोबर रबरासारखं ताणत जायचं. आज प्रत्येक ड्रॉइंग सॉफ्टवेअरमध्ये रेषा अशीच ओढतात.

मला त्याहून मोठी वाटते ती त्यातली बंधनांची कल्पना. चौकोन हातानं वेडावाकडा काढायचा आणि मग सांगायचं, 'या बाजू समांतर, हे कोन काटकोन.' मशीन स्वतःच आकडेमोड करून चित्र सरळ करायचं. शिवाय एक मूळ आकृती काढून तिच्या हव्या तेवढ्या नकला मांडता यायच्या, आणि मूळ बदललं की सगळ्या नकला आपोआप बदलायच्या. ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ब्लॉक वापरता ना, तो याच घराण्यातला.

लाइट पेनमधून उजेड पडायचा का?

नाही, आणि हे कळलं की वर्गात सगळेच चमकतात. तो पेन उजेड टाकत नव्हता, उजेड ओळखत होता. पडद्यावरचं चित्र एकदम उमटत नाही. इलेक्ट्रॉनचा झोत एकेक ठिपका पाळीपाळीनं उजळत जातो. पेनच्या टोकाखालचा ठिपका उजळला की पेन लगेच मशीनला खूण करतो. आपण त्या क्षणी कुठला ठिपका काढत होतो हे मशीनला ठाऊकच असतं. म्हणजे पेन कुठे आहे हे त्याला केवळ वेळेवरून कळतं.

आता पडद्याच्या काळ्या जागेवर पेन धरला तर? तिथे ओळखायला उजेडच नाही. म्हणून सदरलँड यांनी पडद्यावर एक छोटी फुली ठेवली. पेन सरकला की फुलीचे कुठले ठिपके दिसले आणि कुठले नाहीत यावरून मशीन फुलीला पेनच्या मागोमाग नेत असे. पेन फार झपकन हलवला तर फुली मागे राहायची. आज माउसचा बाण आपोआप हलतो, म्हणून यामागचे कष्ट आपल्याला जाणवत नाहीत. माउस डग्लस एंगलबार्ट यांचा. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये त्यांनी तो जाहीरपणे चालवून दाखवला.

जुन्या आणि आजच्या पडद्यात फरक काय? वर्गातला तो ऑसिलोस्कोप कशासाठी आहे?

हा माझा सगळ्यात आवडता भाग, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

जुने पडदे व्हेक्टर पद्धतीचे होते. झोत एका बिंदूकडून दुसऱ्या बिंदूकडे थेट जायचा, कागदावर पेन्सिल चालावी तसा. आजचा पडदा रास्टर पद्धतीचा. उसाच्या रानात पाणी सोडताना आपण एक सरी भरली की दुसरीला दारं मोडतो, तसं इथे चित्र असो वा नसो, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत ओळीनं सगळं भरत जायचं. या ओळींतल्या एकेका ठिपक्याला पिक्सेल म्हणतात, आणि पुष्कळ जण ठिपक्यांच्या रांगोळीला पिक्सेलची उपमा देतात. मला ते पटत नाही. रांगोळीत ठिपके फक्त रेघ कुठून कुठे न्यायची ते सांगतात, म्हणजे ती खरी व्हेक्टर पद्धत झाली.

ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेचा चढउतार काचेवर रेघेनं दाखवणारं यंत्र, मी जुना विकत घेतला आहे. कॉम्प्युटरच्या साउंड कार्डाचा डावा आवाज आडव्या दिशेला जोडायचा, उजवा आवाज उभ्या दिशेला. साउंड कार्ड सेकंदाला ४८,००० आकडे बाहेर टाकतं. चित्र सेकंदाला ५० वेळा काढायचं ठरवलं, तर एका चित्राच्या वाट्याला ९६० बिंदू येतात. तेवढ्यात बसवायचं. मुलं आधी चौकोन काढतात, मग घर, मग कुणीतरी हमखास म्हणतं, 'सर, सांगली लिहू या.'

आणि तिथे एक सुंदर गोष्ट दिसते. हा झोत मधेच विझवता येत नाही, त्यामुळे एक अक्षर संपवून दुसऱ्याकडे जाताना मधे पुसट रेघ उमटते. रोमन अक्षरांत ती फार खुपते. देवनागरीत झोत शिरोरेषेवरून पुढे न्यायचा! शिरोरेषा काढायचीच असते, तिच्यावरून दोनदा गेलं तर ती जरा जास्त उजळते, एवढंच. 'स'वरून कान्यावर, तिथून 'ग'वर, 'ल'वर, वेलांटीवर, सगळा प्रवास शिरोरेषेवरून. फक्त अनुस्वाराला उडी मारावी लागते आणि तिथे एक केसाएवढी हिरवी रेघ राहते. एका मुलीनं ती रेघ घालवायला दोन रविवार घालवले. उडीला एकच बिंदू दिला आणि अनुस्वारावर झोत चाळीस बिंदू थांबवला. रेघ जवळजवळ दिसेनाशी झाली आणि अनुस्वार ठसठशीत उठला.

पुढे बिंदू वाढवत गेलं की एका फेरीला जास्त वेळ लागतो, आणि अक्षरं थरथरायला लागतात. त्या काळच्या पडद्यांची हीच अडचण होती. चित्र जितकं मोठं, तितकी थरथर.

मग सगळ्यांनी आधीच रास्टर पडदा का नाही वापरला?

मेमरीमुळे. हिशेब मांडून बघा. १०२४ गुणिले १०२४ ठिपक्यांचा नुसता काळा-पांढरा पडदा साठवायचा म्हटला तरी १२८ किलोबाइट लागतात. टीएक्स-२ची मुख्य मेमरी ३६ बिटांच्या सुमारे ६४ हजार शब्दांची, म्हणजे जेमतेम २८८ किलोबाइट. जवळजवळ निम्मी मेमरी पडद्यालाच गेली असती. आज साध्या फुल एचडी पडद्याच्या एका चित्राला सुमारे ८३ लाख बाइट लागतात आणि ते सेकंदाला ६० वेळा पडद्याकडे जातं.

मधल्या काळात टेक्ट्रॉनिक्सनं स्टोरेज ट्यूबवर चालणारे टर्मिनल आणले. १९७२चं ४०१० हे त्यातलं गाजलेलं. त्यात काढलेली रेघ काचेवरच टिकून राहायची, मेमरी लागायचीच नाही. मात्र एकच रेघ पुसायची सोय नव्हती. पुसायचं तर आख्खा पडदा लख्खकन उजळून कोरा व्हायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. मेमरी स्वस्त व्हायला लागली तसं चित्र फिरलं. १९७३ साली झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत आल्टो नावाचा कॉम्प्युटर तयार झाला. त्याच्या उभ्या पडद्यावर ६०६ बाय ८०८ ठिपके होते आणि प्रत्येक ठिपका मेमरीतल्या एका बिटाला बांधलेला होता.

ब्रेझनहॅमची रेषा हातानं का काढायला लावता? ती तर तयार मिळते.

जॅक ब्रेझनहॅम यांनी १९६२ साली आयबीएममध्ये ती प्लॉटरसाठी रचली आणि १९६५ साली ती छापून आली. तेव्हाच्या मशीनला भागाकार आणि दशांश फार महाग पडायचे. त्यांनी ते टाळले. नुसती पूर्णांकांची बेरीज-वजाबाकी आणि शून्याशी तुलना, एवढ्यात रेषा.

चौकटीची वही घ्या. (०,०) पासून (८,३) पर्यंत जायचंय. आडवं अंतर ८, उभं ३. सुरुवातीचा आकडा: ३ची दुप्पट वजा ८, म्हणजे उणे २. आकडा ऋण असेल तर एक घर उजवीकडे जायचं आणि आकड्यात ६ मिळवायचे. शून्य किंवा धन असेल तर एक घर उजवीकडे आणि एक घर वर जायचं, आणि आकड्यातून १० वजा करायचे. करत गेलात की घरं येतात: (१,०), (२,१), (३,१), (४,२), (५,२), (६,२), (७,३), (८,३). शेवटी आकडा पुन्हा उणे २ वर येतो. तो तसा आला नाही, तर मधे कुठेतरी चुकलंय.

दहा मिनिटांचं काम आहे. पण हे एकदा हातानं केलं की पडद्यावरची तिरपी रेघ पायऱ्यांची का दिसते, हे पुन्हा कुणाला विचारावं लागत नाही.

यूटा विद्यापीठाचं नाव सारखं का येतं?

१९६८ साली सदरलँड तिथे गेले. डेव्हिड इव्हान्स यांनी तिथे विभाग उभा केला होता, आणि दोघांनी मिळून कंपनीही काढली. पुढच्या सात-आठ वर्षांत त्या एका विभागातून जे बाहेर पडलं ते थक्क करणारं आहे. आंरी गूरो यांनी १९७१ साली वस्तूच्या कोपऱ्यांवरचा उजेड मोजून तो मधल्या भागात सलग पसरवण्याची रीत दिली, त्यामुळे पैलूदार वस्तू गुळगुळीत दिसू लागली. बुई तुओंग फाँग यांनी त्यात चमक आणली. एड कॅटमल यांनी १९७४ साली झेड-बफर मांडला: प्रत्येक ठिपक्यापाशी 'इथे आतापर्यंत दिसलेली वस्तू किती लांब आहे' याची नोंद ठेवायची, त्याहून जवळचं काही आलं तरच रंग बदलायचा. एवढी साधी गोष्ट, पण तिला पडद्याएवढीच आणखी मेमरी लागते, म्हणून तेव्हा ती उधळपट्टी वाटायची. आज प्रत्येक ग्राफिक्स चिपमध्ये ती आहे.

तिथलीच ती प्रसिद्ध चहाची किटली. मार्टिन न्यूवेल यांनी १९७५ साली घरातली खरी किटली बघून तिचे वक्र उतरवून घेतले. पोट फुगीर, मुठीच्या मधे भोक, तोटीची सावली अंगावर पडणारी, त्यामुळे कुठलीही नवी पद्धत तपासायला ती सोयीची ठरली. मूळ किटली आता कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये आहे.

आम्ही वर्गात किटलीऐवजी मिरजेचा तंबोरा घेतो. भोपळा किटलीहून अवघड. तो कुठूनच पूर्ण गोल नसतो आणि दोन भोपळे कधी सारखे नसतात. बेझिए वक्रांनी तो उभा करायचा. हे वक्रही कारखान्यातूनच आले: पिअर बेझिए रेनो कंपनीत मोटारींच्या पत्र्याचे आकार काढत होते, आणि पॉल द कास्तेल्जो यांनी सित्रोएनमध्ये तेच गणित त्यांच्याही आधी, १९५९ साली केलं होतं. चार बिंदू द्या, वक्र मिळेल, बिंदू ओढा, वक्र वळेल. भोपळ्याच्या देठाजवळचा खोलगट भाग ज्याला जमला, त्याला वक्र कळले असं मी समजतो.

हे सगळं आपल्यासारख्यांच्या टेबलावर कधी आलं?

हळूहळू आणि मग एकदम. १९८१च्या आयबीएम पीसीबरोबर सीजीए हे पडद्यावर रंगीत चित्र दाखवणारं कार्ड आलं: ३२० बाय २०० ठिपके, चार रंग. १६ हजार बाइट होतात, आणि कार्डावर मेमरी बरोबर १६ किलोबाइट. १९८७ साली व्हीजीए आलं, ६४० बाय ४८० आणि सोळा रंग. माझ्याकडे त्या काळचा एक जुना मॉनिटर होता, गावभागातल्या घरात. २०१९च्या महापुरात तो गेला. नाहीतर तो तुम्हाला दाखवलाच असता.

त्रिमितीसाठी वेगळी चिप लागते हे जिम क्लार्क यांनी ओळखलं. हेही यूटाचेच. त्यांची जॉमेट्री एंजिन ही चिप आकार फिरवायला-सरकवायला लागणारे मॅट्रिक्सचे (आकड्यांच्या चौकटींचे) गुणाकार हार्डवेअरमध्येच करायची, आणि तिच्यावर सिलिकॉन ग्राफिक्स कंपनी उभी राहिली. पण ती मशीन बड्या कंपन्यांनाच परवडणारी. सर्वसामान्यांच्या पीसीत त्रिमिती आणली १९९६च्या थ्रीडीएफएक्सच्या वूडू कार्डानं. १९९९च्या जीफोर्स २५६ पासून ग्राफिक्सच्या चिपसाठी 'जीपीयू' हा शब्द रूढ झाला, आणि २००१च्या जीफोर्स ३ पासून त्या चिपवर आपला छोटा प्रोग्राम चालवता यायला लागला. त्यालाच शेडर म्हणतात.

ओपनजीएल, डायरेक्टथ्रीडी, व्हल्कन... इतकी नावं का?

कारण प्रत्येक कार्डासाठी वेगळा प्रोग्राम लिहिणं कुणालाच परवडत नाही. मधे एक समान भाषा लागते. १९८५ साली जीकेएस हे आंतरराष्ट्रीय प्रमाण झालं, १९९२ साली सिलिकॉन ग्राफिक्सनं आपली भाषा खुली करून ओपनजीएल केलं, मायक्रोसॉफ्टनं डायरेक्टथ्रीडी आणलं, २०११ साली ब्राउझरसाठी वेबजीएल आलं, २०१६ साली व्हल्कन. सुरुवात वेबजीएलनं करा. ब्राउझर प्रत्येकाकडे असतो.

देवनागरी पडद्यावर यायला इतकी वर्षं का लागली?

कारण पीसी घडवणाऱ्यांनी अक्षर म्हणजे एक ठरावीक चौकट असं धरलं होतं. सीजीएत एका अक्षराला ८ बाय ८ ठिपके. त्यात 'A' सहज बसतो. आपल्याकडे वर वेलांटी, रफार, अनुस्वार, खाली उकार, आणि मधे 'क्ष्म' सारखं जोडाक्षर. त्यातून ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते आणि लिहिताना आधी. 'कि' लिहिताना 'क' आधी टाइप झाला तरी पडद्यावर तो सरकवून त्याच्या डाव्या अंगाला वेलांटी बसवावी लागते.

यावर आपल्याच देशात काम झालं. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं जिस्टचं, म्हणजे भारतीय लिपी कॉम्प्युटरवर आणण्याच्या तंत्राचं, काम पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलं. पीसीत बसवायचं जिस्ट कार्ड तयार झालं आणि इंग्रजीसाठी लिहिलेल्या प्रोग्राममध्ये मराठी दिसू लागली. १९९१ साली इस्की हे भारतीय लिप्यांच्या अक्षरांना आकडे ठरवून देणारं प्रमाण आलं. पुढे विंडोज २००० मध्ये मंगल फॉन्टसह देवनागरीची सोय थेट आली आणि वेगळ्या कार्डाची गरज उरली नाही. ग्राफिक्सच्या इतिहासात हे पान फारसं कुणी सांगत नाही. मी सांगतो, कारण अक्षर हेही चित्रच आहे, आणि आपलं अक्षर या सगळ्यात अवघड चित्रांपैकी एक आहे.

कुपवाडच्या कारखान्यात याचा काय उपयोग?

वर्गात येणारे एक पॅटर्नमेकर आहेत, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी नमुने बनवणारे, वयानं माझ्याहून मोठे. सागवानी पॅटर्न बनवण्यात आयुष्य गेलं. ओतलेलं बीड (कास्ट आयर्न) थंड होताना आकसतं, मीटरमागे साधारण १० मिलिमीटर, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा. त्यासाठी त्यांच्याकडे आकुंचनाची वेगळी पट्टी आहे, तिच्यावरचा सेंटिमीटर मुळातच किंचित मोठा. मी पडद्यावर पंपाची बॉडी उघडून मोजमापाला १.०१ नं गुणलं आणि सगळा आकार एकदम वाढला. त्यांनी थोडा वेळ बघितलं आणि विचारलं, 'भोकं पण वाढली की. ती मागाहून मशीनवर पाडायची असली तर?' अगदी बरोबर प्रश्न. कुठलं माप वाढवायचं आणि कुठलं धरून ठेवायचं, हे मशीनला सांगावं लागतं. हीच सदरलँड यांची बंधनं. त्या दिवशी सगळ्या वर्गाला ती त्यांच्यामुळे कळली.

मुलासाठी महागडं ग्राफिक्स कार्ड घ्यावं लागेल का? (पालकांचा पहिला प्रश्न)

पहिल्या वर्षी नको. साध्या लॅपटॉपमधली ग्राफिक्स चिप शिकायला पुरेशी आहे. ब्लेंडर हे त्रिमितीचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. टॉन रोझेनडाल यांनी १९९४ साली ते सुरू केलं, कंपनी बंद पडल्यावर २००२ साली लोकांकडून एक लाख युरो गोळा करून ते सर्वांसाठी खुलं केलं. ते पैसे सात आठवड्यांत जमले. चोरीची सॉफ्टवेअरं वापरण्याची गरजच नाही, आणि वर्गात मी ती चालवू देत नाही.

कार्ड लागतं ते मोठी दृश्यं रेंडर करायला, म्हणजे त्यांची पक्की चित्रं बनवायला, किंवा एआयच्या कामाला. जीफोर्सवाल्या एनव्हिडिया कंपनीनं २००७ साली कुडा ही प्रोग्राम लिहिण्याची सोय बाजारात आणल्यापासून तीच चिप चित्राबाहेरच्या आकडेमोडीलाही वापरता येऊ लागली. २०१२ साली चित्रं ओळखण्याच्या स्पर्धेत अॅलेक्सनेट या एआय प्रणालीनं बाजी मारली, आणि ही प्रणाली गेमसाठी विकल्या जाणाऱ्या दोन कार्डांवर शिकवलेली होती. मुलगा-मुलगी तिथवर पोचली की कार्डाचा विचार करा.

गणित कच्चं आहे. जमेल का?

त्रिकोणमिती, कोऑर्डिनेट आणि मॅट्रिक्सचा गुणाकार, एवढं लागतं. अकरावी-बारावीत झालेलंच असतं, फक्त ते कशासाठी आहे ते तेव्हा दिसलेलं नसतं. चौकोन फिरवताना साइन-कोसाइन डोळ्यांसमोर चालतात, आणि मग ते पाठ करावे लागत नाहीत.

पहिल्या दिवशी काय आणायचं?

चौकटीची वही, पेन्सिल, खोडरबर. लॅपटॉप दुसऱ्या रविवारपासून. पहिल्या रविवारी (०,०) पासून (८,३) पर्यंतची रेघ प्रत्येकाकडून काढून घेतो, आणि ऑसिलोस्कोप गरम व्हायला थोडा वेळ लागतो, म्हणून साडेनऊच्या आत या.